पाळणाघरासाठी अर्ज करताय? आधी मावशींचा पगार लिहा

वाचकांचे प्रश्न : संस्था, हिशेब, अनुदान

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं महिला मंडळ आहे, नोंदणी १९९८ची. चार वर्षांपासून भाड्याच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतो. बावीस मुलं आहेत, सगळ्यांत लहान आठ महिन्यांचं. आया विड्या वळतात, काही गारमेंटच्या कारखान्यात शिलाईला जातात, काही धुणीभांडी करतात. महिना तीनशे रुपये घेतो, कुणाला नाही जमलं तर सोडून देतो. शिकवणाऱ्या ताई मंडळाच्याच सभासद, त्या काही घेत नाहीत. मावशींना पाच हजार देतो. आमच्या सचिव बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या, तेव्हापासून कागदपत्रं खजिनदारांकडे आहेत. शहराजवळच्या एका कंपनीच्या साहेबांनी ‘सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामासाठीच्या पैशांतून) बघू, प्रस्ताव द्या’ असं सांगितलंय. दुसरे एक जण म्हणाले, सरकारची पाळणा योजना आहे, तिकडे अर्ज करा. अंदाजपत्रक, प्रस्तावाचा मसुदा आणि काही फोटो सोबत जोडलेत. तयारीत आमचं काय राहिलंय ते मोकळेपणानं सांगा.
— मंडळाच्या कार्यकर्त्या, सोलापूर

उत्तर : मोकळेपणानं सांगा म्हणालात म्हणून अंदाजपत्रकापासूनच सुरू करते. खेळणी आणि घसरगुंडी १,८०,०००. भिंतींवर चित्रं आणि रंगकाम ९०,०००. टीव्ही ४५,०००. उद्घाटन समारंभ २५,०००. फलक १२,०००. आणि सगळ्यांत खाली, ‘मावशी मानधन ५,००० × १२’ म्हणजे ६०,०००. एकूण ४,१२,०००. म्हणजे शंभरातले पंधरासुद्धा रुपये माणसावर नाहीत. पाळणाघर तर माणसावरच चालतं.

अर्ज वाचणाऱ्यांच्या समितीवर मी बरीच वर्षं बसले. असे प्रस्ताव गठ्ठ्यानं यायचे, आणि ते असे का येतात हेही मला कळतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की कंपन्या पगाराला पैसे देत नाहीत, वस्तूंना देतात, कारण वस्तूवर नाव रंगवता येतं. थोडं खरं आहे. पण पगार मागितलाच नाही, तर तो नाकारला जाईल की नाही हे कळणार कसं? मागा. घसरगुंडी नसली तर मुलं अंगणात खेळतात. मावशी चार दिवस आल्या नाहीत तर खोलीला कुलूप लागतं आणि बावीस आयांचा रोज बुडतो. हेच वाक्य, असंच्या असं, प्रस्तावात घाला.

तुमच्या ताई काही घेत नाहीत हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय. त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण अर्जात हे कच्चं दिसतं. उद्या त्यांना कुठं नोकरी लागली तर थांबा म्हणायची सोय तुम्हाला नाही. त्यांचं मानधन अंदाजपत्रकात धरा. त्यांना नकोच असेल तर त्यांनी ते घेऊन मंडळाला देणगी द्यावी आणि पावती घ्यावी. हिशेबात पाळणाघराचा खरा खर्च तरी दिसेल.

आठ महिन्यांचं बाळ आहे म्हणता, मग एका मावशींवर भागतं कसं, हा प्रश्न समितीतलं कुणीतरी विचारणारच. त्याला आधार हवा म्हणून सांगते. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचं प्रमाण असं होतं : सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीस मुलं, त्यांच्यामागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस, महिन्यातले सव्वीस दिवस आणि रोज साडेसात तास. तुमची बावीस मुलं, एक ताई, एक मावशी. म्हणजे तुम्ही प्रमाणात बसता, फक्त दोघींना पगार मिळाला पाहिजे. तुमची वेळ सकाळी आठ ते सहा असेल, तर तेही लिहा. साडेसात तासांच्या वरचे तास कोण सांभाळतं हे विचारलं जाईल, आणि तिथंच अर्धवेळ दुसऱ्या मावशींची मागणी बसते.

सरकारी योजनेचं काय? थोडक्यात सांगते, कारण तुम्हाला त्यातून लगेच काही हाती लागेल असं मला वाटत नाही. कामकरी आयांच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६मध्ये आली. तेव्हा स्वयंसेवी संस्था थेट पाळणाघरं चालवत. २०१७पासून ती राज्यांमार्फत गेली. केंद्राचे ६०, राज्याचे ३० आणि उरलेले १० टक्के संस्थेनं उभे करायचे. त्या दहा टक्क्यांनी किती मंडळांच्या नाकी नऊ आणले ते विचारू नका. २०२२मध्ये मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि हीच योजना ‘पाळणा’ या नावानं पुढं आली. आता केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० आहे. भर आहे तो अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर. देशभरात अशा १७,००० अंगणवाडी-सह-पाळणाघरांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. म्हणजे नवं पाळणाघर प्रामुख्यानं अंगणवाडीत उघडतं, तुमच्या भाड्याच्या खोलीत नाही.

तरी तुमच्या भागातल्या अंगणवाड्या बघणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा. अनुदान मागायला नको, ओळख द्यायला जा. तुमच्याकडच्या सहा वर्षांखालच्या मुलांची नावं जवळच्या अंगणवाडीत लावून घ्या. पूरक आहार, लसीकरण, वजन हे तिथून त्यांना मिळायलाच हवं, आणि मिळालं तर तुमच्या खर्चातली एक ओळ कमी होते. जवळच्या अंगणवाडीला पाळणाघर जोडायचं ठरलंच, तर तुमच्याकडची अनुभवी माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर असतील.

आता कंपनी. साहेब ‘बघू’ म्हणाले, ते ठीक. पण त्यांना कायदा बांधतो, आणि तो तुम्हाला माहीत असला तर बोलणं सोपं जातं. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे ज्या कंपनीचा नक्त नफा पाच कोटी किंवा जास्त आहे (किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी), तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. हे गणित घरी करून जा. सरासरी नफा सहा कोटी असेल तर त्यांच्या हातात वर्षाला बारा लाख आहेत, आणि शाळा, दवाखाना, वृक्षारोपण सगळे त्याच बारा लाखांकडे डोळे लावून बसलेत. अशा ठिकाणी दहा लाख मागणारा प्रस्ताव वाचला जात नाही, चार लाखांचा वाचला जातो.

ज्या कंपनीची ही रक्कम ५० लाखांच्या आत आहे तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. तुमची कंपनी तशी असेल तर साहेबांना एवढंच विचारा : संचालकांपैकी हे कोण बघतं? त्या व्यक्तीला पाळणाघरात आणा, दुपारी मुलं झोपलेली असताना नको, सकाळी आया सोडायला येतात तेव्हा.

सोलापूर जिल्हा म्हणून एक आडवळणाची गोष्ट. कुणीतरी साखर कारखान्याकडे जा म्हणेल. सहकारी साखर कारखाना हा सहकार कायद्याखाली नोंदलेला असतो, कंपनी कायद्याखाली नव्हे. त्याला कलम १३५ लागू नाही. चेअरमननी मनात आणलं तर ते मदत करतील, पण ती त्यांची मर्जी. खासगी कारखाना कंपनी असेल आणि नफ्याच्या रेषेवर असेल तर मात्र तो या कायद्यात येतो. उगाच चुकीच्या दारात चार महिने घालवू नका.

तुमच्या प्रस्तावातलं एक वाक्य आजच काढून टाका : ‘आपल्या कंपनीतील महिला कामगारांच्या मुलांनाही याचा लाभ होईल.’ तुम्हाला वाटलं साहेब खूश होतील. उलट फाइल तिथंच अडकेल. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआर धरता येत नाही, असं नियमातच आहे. मुलं वस्तीतली, आया विडी आणि शिलाईच्या, हेच लिहा.

आणखी एक. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘डे केअर’ हे शब्द आहेत, ते पाहून लोक उड्या मारतात. ते ज्येष्ठ नागरिकांसाठी आहेत. तुमचं काम बसतं ते कुपोषण निर्मूलन, शिक्षणाला चालना आणि स्त्रियांचं सक्षमीकरण यांत. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे तीन विषय नावानिशी लिहा, म्हणजे त्यांच्या हिशेबनिसाला शोधत बसावं लागणार नाही.

कागद. इथं तुमचं खरं अडेल, त्यामुळे इथं थोडं थांबते.

कंपनी ज्या संस्थेमार्फत काम करते, तिला आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तुमची चार वर्षं झालीत, सुटलात. पण ती चार वर्षं सिद्ध कशी करणार? ऑडिट झालेल्या हिशेबात ‘पाळणाघर खर्च’ असं खातं आहे, की सगळं ‘सामाजिक उपक्रम’ या एका ओळीत कोंबलंय? दुसरं असेल तर तुमच्या सीएंकडे आजच जा. यंदापासून खातं वेगळं करा, आणि मागच्या वर्षांसाठी वह्या आणि व्हाउचर पाहून त्यांच्याकडून पाळणाघराच्या खर्चाचा दाखला घ्या.

त्यानंतर सीएसआर-१ हा फॉर्म. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा. त्यावर सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. मग संस्थेला क्रमांक मिळतो. १ एप्रिल २०२१पासून हा क्रमांक नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला काम करता येत नाही. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणीही करून ठेवा. कंपन्या तो क्रमांक विचारतात.

आणि तुमच्या सचिव बाई. त्यांच्या जागी दुसरं कुणी निवडलं असेल, ठराव वहीत असेल. पण धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, दिला होता का? पत्रावरून वाटतं, नसावा. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२प्रमाणे तो बदलानंतर ९० दिवसांत द्यायचा असतो. नाही दिला तर शेड्यूल वनच्या, म्हणजे त्या कार्यालयातल्या तुमच्या संस्थेच्या नोंदीच्या, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव. कंपनीचा वकील उतारा मागतो, करारावरच्या सहीचं नाव उताऱ्याशी ताडून बघतो आणि विचारतो, या कोण? मी पाहिलेल्या अर्जांमध्ये पैसे मंजूर होऊन करार अडलेले बहुतेक याच जागी अडलेले. उशीर झालाय तर विलंब माफीच्या अर्जासकट चेंज रिपोर्ट दाखल करा. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रस्ताव लिहायच्या आधी हे. दाखल केल्याची पोचसुद्धा पुष्कळदा बोलणं चालू ठेवायला पुरते. बँकेतल्या सह्याही तपासा. खजिनदारांच्या एकटीच्या सहीवर खातं चालत असेल तर ते आधी थांबवा.

भाड्याच्या खोल्यांचा करार आहे का? घरमालक ‘आपलीच माणसं’ असतील, तरी नोंदवलेला करार करा. अनुदान एक वर्षाचं आणि खोलीचा भरवसा दिवाळीपर्यंत, असं चालत नाही. ज्या वस्तू घ्याल त्या मंडळाच्या नावावर बिलासकट डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) चढवा. सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही, ती तुमचीच होते. म्हणून नोंदही तुमचीच पक्की हवी.

हजेरी वही. तुम्ही तिचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. नावं अशी आहेत : छोटी, बाळू, लक्ष्मीची मुलगी, पिंट्या. आणि पुढं बरोबरच्या खुणा. घरात हे शोभतं, तपासणीत नाही. मुलाचं आधार किंवा जन्मदाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, तिचं काम आणि कामाची जागा, फोन, न्यायला कोण येणार त्या दोघांची नावं. रोजच्या पानावर आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही किंवा अंगठा. तो अंगठा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मूल कुणाच्या हाती दिलं याचा तो एकमेव पुरावा आहे. महिन्यातून एकदा वजन. काटा नसेल तर अंगणवाडीत न्या आणि आकडा तुमच्या वहीतही लिहा. चार वर्षांच्या वजनांच्या नोंदी असत्या तर मी तुम्हाला म्हणाले असते, प्रस्ताव चार पानांचाच करा, बाकी त्या वह्या ठेवा टेबलावर.

तीनशे रुपये घेता त्याची पावती देता का? अर्जात फी लपवू नका. ‘गरिबांकडून पैसे घेतात’ असं कुणी म्हणेल ही भीती सोडा. सरकारी योजनेतसुद्धा दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून महिना २० रुपये आणि पुढं उत्पन्नाप्रमाणे १०० आणि २०० अशी फी होती. किती जणींना माफ केलीत तेही लिहा. समितीला त्यातून दिसतं की तुम्ही आयांना ओळखता.

एक प्रश्न नक्की येईल : विडी वळणारी बाई घरीच असते ना, मग पाळणाघर कशाला? मुंबई-पुण्याच्या माणसाला हे खरंच कळत नाही. चिडू नका, चित्र उभं करा. दहा बाय दहाची खोली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणि कातर. हजार विड्यांच्या हिशेबानं मजुरी, म्हणून हात थांबवता येत नाही. रांगतं मूल सुपाकडेच येणार. तंबाखूची धूळ दिवसभर त्याच खोलीत. कारखान्यातल्या बाईसाठी कायद्यानं पाळणाघर मागता येतं. घरी वळणाऱ्या बाईचं घर हाच तिचा कारखाना, तिथं तो नियम पोचत नाही. हा परिच्छेद तुमच्या मंडळातल्या विडी वळणाऱ्या एखाद्या बाईकडून बोलून घ्या आणि तसाच उतरवा. माझ्यापेक्षा ती चांगलं सांगेल.

खेळण्यांच्या एक लाख ऐंशी हजारांचे तीस हजार करा. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७मध्ये बोर्डीहून कोसबाडला गेल्या. तिथं आदिवासी मुलांना शिकवायला बिया, पानं, शिंपले, खडे हेच साहित्य होतं, आणि आजच्या अंगणवाड्यांची पाळंमुळं त्या कामात शोधतात. टीव्ही काढाच. उद्घाटन काढा; कंपनीला हवं असेल तर ती तिच्या खर्चानं करेल. त्याऐवजी दोन गोष्टी घाला : खिडक्यांना जाळ्या आणि गॅसची शेगडी मुलांच्या खोलीबाहेर नेण्याचा खर्च. तुमच्या फोटोत सिलिंडर पाळण्यापासून चार हातांवर दिसतोय. ते अनुदानाची वाट न बघता आधी करा.

कंपन्यांचा वर्षाचा कृती आराखडा संचालक मंडळ मंजूर करतं, त्यात नाव यायला हवं असेल तर दिवाळीनंतर लगेच प्रस्ताव हातात द्या. मार्चमध्ये पैसे उरले म्हणून घाईनं फोन येतात. तेव्हा कागद तयार असणाऱ्याचं नशीब फळफळतं, पण त्याच्यावर घर चालवू नका. आणि एका वर्षाचं मागू नका, तीन वर्षांचं मागा. ‘चालू प्रकल्प’ म्हणून तसं देण्याची सोय नियमांत आहे. पगाराचं काम आहे, एका वर्षानं मावशींना काय सांगणार?

प्रश्न : रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे, ऐंशी कर्मचारी. पाळणाघर काढायचं आहे. सीएसआरचे पैसे वापरता येतील का? की सरकारचं काही अनुदान आहे?
— मनुष्यबळ विभागातील वाचक, जि. पुणे

उत्तर : सीएसआर नाही. दोन कारणांनी नाही. वर म्हटलं तसं, स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठीचं काम त्यात धरत नाहीत. आणि कायद्यानं जे करणं तुमच्यावर बंधनकारकच आहे तेही धरत नाहीत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करण्याची सक्ती मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनं आली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ द्यायचं हेही. हा तुमचा नेहमीचा धंद्याचा खर्च आहे, तसाच दाखवा.

ऐंशी माणसांत लहान मुलं असणाऱ्या किती, हे आधी विचारून घ्या. सहा-सात मुलांसाठी स्वतंत्र पाळणाघर चालवणं जड जातं. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून एक काढा, किंवा जवळच एखादी चांगली संस्था चालवत असेल तर दर मुलामागे महिन्याचा दर ठरवून करार करा. त्यात वेळ, माणसांचं प्रमाण आणि पोलीस पडताळणी ही तीन कलमं घालायला विसरू नका. दुसरी पाळी असेल तर ती आधी बोला. पाचला बंद होणारं पाळणाघर दुसऱ्या पाळीच्या बाईला काय उपयोगाचं?

प्रश्न : मी डोंबिवलीत घरीच आठ मुलं सांभाळते. जागा वाढवायची आहे. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद) करून देतो म्हणून एकानं दीड हजार मागितलेत. अनुदान मिळेल का?
— एक भगिनी

उत्तर : तुम्ही व्यक्ती आहात, संस्था नाही, आणि काम व्यवसायाचं आहे, मंडळांना मिळतं तसं अनुदान यात नाही. केवळ अनुदानासाठी संस्था काढा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सात जणींची समिती आणि दरवर्षीचं ऑडिट गळ्यात पडेल.

मुद्रा कर्जाचं बघा. शिशु गटात ५०,०००पर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. कर्ज आहे, फेडायचं आहे. बँकेत जाताना वर्षभराच्या फीचा हिशेब न्या, आणि फी आजपासून खात्यावर घ्यायला लागा. रोख घेतलेली फी बँकेला दिसत नाही. सोसायटीची ना हरकत लेखी घ्या. उद्यम नोंदणी स्वतः करा, सरकारी पोर्टलवर मोफत होते. तुमच्याकडून दीड हजार मागितलेत असं लिहिलंय, ते देऊ नका.